अडकलेली कात : पाळीव सरड्यांच्या निगेतील दुर्लक्षित प्रश्न

पाळीव सरड्याच्या अंगावरील जुनी कात वेळेवर सुटली नाही, तर त्याला बोटे, शेपटीचे टोक आणि प्रसंगी डोळाही गमवावा लागतो. वरवर पाहणाऱ्यास हा त्वचेचा किरकोळ विकार वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याचे मूळ प्राण्याच्या त्वचेत नसते. ते त्याला ज्या पेटीत ठेवले आहे तेथील हवेत व उष्णतेत, तसेच त्याला मिळणाऱ्या पाण्यात आणि आहारात असते. म्हणूनच चिकटलेली कात हलक्या हाताने सोडवणे हा उपचाराचा केवळ पहिला टप्पा ठरतो. ती का चिकटली याचा शोध घेऊन कारण दूर केले नाही, तर पुढच्या वेळी तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो.

अमेरिका आणि युरोपात सरडे पाळण्याचा छंद अनेक दशकांपासून रूढ आहे. भारतातील मोठ्या शहरांतही आता असे प्राणी घरोघरी नसले, तरी अपवादात्मक राहिलेले नाहीत. मात्र कुत्र्या-मांजरांच्या आजारांची जी सर्वसाधारण माहिती कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या असते, तशी ती सरड्यांच्या बाबतीत नसते. त्यामुळे कात अडकल्यावर घाबरून ती ओढून काढणे किंवा 'आपोआप पडेल' म्हणून दुर्लक्ष करणे, अशा दोन्ही टोकांच्या चुका होतात.

कात टाकण्याची क्रिया

पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी आणि साप हे सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटात मोडतात. त्यांच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर केराटिन या कठीण द्रव्याचा बनलेला असतो. आपल्या केसांत आणि नखांतही केराटिन असते. हा थर शरीरातील पाणी बाष्परूपाने निघून जाऊ देत नाही. परंतु तो शरीराबरोबर वाढत नाही आणि कालांतराने झिजतो. म्हणून ठरावीक काळाने त्याच्याखाली नवा थर तयार होतो. नवा थर पूर्ण झाला की दोन्ही थरांच्या मधल्या भागात द्रव व विकरे उतरतात, जुना थर सैल होतो आणि सुटून येतो. या काळात प्राण्याचा रंग फिकट, दुधाळ किंवा राखाडी दिसू लागतो. त्याची भूक मंदावते व तो अधिक वेळ लपून राहतो. ही सर्व लक्षणे स्वाभाविक आहेत.

साप आपली कात बहुधा सलग टाकतात. सरड्यांची कात मात्र सामान्यतः तुकड्या-तुकड्यांनी निघते. पिल्ले झपाट्याने वाढत असल्याने ती वरचेवर कात टाकतात. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यांत दोन वेळांमधील अंतर वाढत जाते. दोन थरांमधील हा द्रव पुरेसा तयार होण्यासाठी शरीरात पाण्याचा योग्य साठा लागतो आणि सुटलेला थर लवचीक राहण्यासाठी भोवतालच्या हवेत ओलावा लागतो. यांपैकी एकाची जरी उणीव झाली तरी जुना थर वाळून नव्या त्वचेला घट्ट चिकटतो.

लेपर्ड गेकोचे उदाहरण

घरी पाळल्या जाणाऱ्या सरड्यांमध्ये 'लेपर्ड गेको' ही ठिपकेदार पाल जगभर लोकप्रिय आहे. तिची शास्त्रीय नोंद १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी केली. ब्लाइथ हे त्या काळी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ प्रदेश हे तिचे मूळ स्थान. तिची काही भावंडे महाराष्ट्रातही आढळतात. सातपुड्याच्या डोंगररांगांमधील एका जातीला २०१४ मध्ये सातपुड्याचेच नाव देण्यात आले. पाळीव म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपर्ड गेकोंची पैदास मात्र प्रामुख्याने बंदिवासात होते. योग्य निगा राखल्यास त्या पंधरा ते वीस वर्षे जगू शकतात.

ही पाल मूळची कोरड्या प्रदेशातील असल्याने तिला ओलाव्याची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. कात अडकण्याच्या कित्येक प्रकरणांचा उगम याच समजात असतो. निसर्गात ही पाल दिवसा उघड्यावर राहत नाही. ती बिळात, दगडांच्या कपारीत किंवा मुळांखाली दडून बसते आणि सूर्यास्तानंतर भक्ष्य शोधण्यासाठी बाहेर पडते. भूपृष्ठावरील हवा रखरखीत असली, तरी जमिनीखालच्या या जागांमध्ये ओलावा टिकून असतो. काचेच्या पेटीत वाळवंटाचा कोरडेपणा निर्माण केला आणि बीळ मात्र दिले नाही, तर त्या प्राण्याला त्याच्या निवासाचा निम्माच भाग मिळतो.

लेपर्ड गेको आपली उतरलेली कात खाऊन टाकते. तीतील पोषक द्रव्ये परत मिळवण्यासाठी ती असे करत असावी, असे मानले जाते. त्यामुळे पेटीत कातीचे तुकडे न दिसणे हा चिंतेचा विषय नाही. पाहायचे ते प्राण्याच्या अंगावर.

धोका कोठे असतो

पाठीवर किंवा पोटावर राहिलेला कातीचा तुकडा सहसा गंभीर ठरत नाही. धोका असतो तो बोटे, शेपटीचे टोक, डोळे, कानांची छिद्रे आणि गुदद्वाराजवळचा भाग या ठिकाणी. बोटावर राहिलेली कात वाळते आणि आकसते. पुढच्या वेळीही ती निघाली नाही तर तिच्यावर दुसरा थर चढतो आणि बोटाभोवती एक घट्ट कडे तयार होते. या कड्यामुळे आधी रक्ताचा परतीचा प्रवाह अडतो व बोट सुजते. त्यानंतर रक्तपुरवठाच बंद पडतो. बोट काळे पडते, वाळते आणि गळून जाते. या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते. गळालेले बोट मात्र पुन्हा येत नाही.

म्हणून प्रत्येक वेळी कात टाकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी चांगल्या उजेडात चारही पायांची बोटे एकेक करून तपासावीत. पातळ कात ओली असताना पारदर्शक दिसते आणि सहज नजरेतून सुटते. बोटाचे टोक शेजारच्या बोटांपेक्षा जाड, पांढुरके किंवा चमकदार वाटले, तर तेथे कात राहिली आहे असे समजावे.

कात सोडवण्याची पद्धत

कात टाकण्याची क्रिया चालू असताना सरड्याला हात लावू नये. ती पूर्ण करण्यासाठी त्याला किमान एक दिवस द्यावा. त्यानंतरही तुकडे शिल्लक राहिले, तर पुढील क्रमाने उपाय करता येतो.

प्रथम एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला हवेसाठी छिद्रे पाडावीत. डब्याच्या तळाशी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कागदी रुमाल किंवा सुती फडके पसरावे आणि प्राण्याला त्यात पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे. पाण्याचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. आपल्या मनगटावर ते ना गरम ना गार वाटले पाहिजे. केवळ पायांवर कात राहिली असेल, तर डब्यात पाय भिजतील इतकेच उथळ पाणी घेतले तरी चालते. पाणी खांद्यापर्यंत येऊ देऊ नये आणि या वेळात प्राण्याला एकटे सोडू नये.

कात मऊ झाल्यावर पाण्यात भिजवलेली कापसाची काडी बोटावर मुळाकडून टोकाकडे हळुवारपणे फिरवावी. कात सुटण्याच्या अवस्थेत असेल, तर ती या घर्षणानेच गुंडाळून निघते. निघाली नाही तर थांबावे, प्राण्याला त्याच्या उबदार पेटीत परत सोडावे आणि दुसऱ्या दिवशी हीच कृती पुन्हा करावी. दोन-तीन दिवसांत हप्त्या-हप्त्याने काढलेली कात एका बैठकीत ओढून काढलेल्या कातीपेक्षा केव्हाही बरी. प्राण्याला धरताना पोटाखालून पूर्ण तळव्याचा आधार द्यावा. शेपटी कधीही धरू नये, कारण घाबरलेली पाल ती तोडून टाकते.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कोरडी कात नखांनी किंवा चिमट्याने ओढू नये. तिच्याबरोबर खालची कोवळी त्वचा फाटते व जंतुसंसर्गाला वाट मिळते. साबण, जंतुनाशक द्रावण, सुगंधी तेल किंवा माणसांसाठीची मलमे लावू नयेत. गरम पाण्याचा वापर करू नये. एकाच दिवशी वारंवार आंघोळ घालू नये. अशा हाताळणीचा ताणही प्राण्याला अपायकारक ठरतो.

डोळ्यांबाबत विशेष दक्षता

आपल्या घरांच्या भिंतींवर दिसणाऱ्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात. तिचा डोळा एका पारदर्शक पडद्याने झाकलेला असतो आणि कात टाकताना त्या पडद्याचा बाहेरचा थरही निघतो. लेपर्ड गेकोला मात्र उघडमीट करता येणाऱ्या पापण्या असतात. तिच्या बाबतीत कातीचे बारीक तुकडे पापणीखाली अडकून राहतात. डोळा सतत मिटलेला राहणे, सुजणे, त्यातून पाणी येणे किंवा प्राण्याने तो वारंवार चाटणे व घासणे ही त्याची लक्षणे होत.

अशा वेळी निर्जंतुक सलाइनचे एक-दोन थेंब डोळ्यात सोडणे एवढाच घरगुती उपाय सुरक्षित आहे. चिमटा, काडी किंवा बोटाने डोळ्यातील तुकडा काढण्याचा प्रयत्न करू नये. विशेषतः ज्या जातींना पापण्या नसतात, त्यांच्या डोळ्यावरील पडदा कात समजून ओढल्यास डोळ्याला कायमची इजा होते. एका दिवसात डोळा उघडला नाही, तर पशुवैद्यकाकडे जाणेच योग्य. एका डोळ्याने नीट न दिसणाऱ्या सरड्याचा भक्ष्यावरील नेम चुकतो, तो खाणे सोडतो आणि दुखणे डोळ्यापुरते मर्यादित राहत नाही.

कात का अडकते

सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे हवेतील अपुरी आर्द्रता. त्याखालोखाल शरीरातील पाण्याची कमतरता येते. डोळे खोल गेलेले दिसणे, त्वचेला सुरकुत्या पडणे आणि तोंडातील लाळ चिकट होणे ही तिची चिन्हे आहेत. पेटीत उथळ भांड्यात स्वच्छ पाणी कायम असावे व ते रोज बदलावे.

तापमान हा दुसरा घटक. सरड्यांना आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करता येत नाही. ते उबदार आणि थंड जागांमध्ये ये-जा करून ती राखतात. पेटी थंड असेल तर पचन मंदावते आणि नवी त्वचा तयार होण्याचे कामही रेंगाळते. लेपर्ड गेकोच्या पेटीत उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, तर थंड बाजू २४ ते २६ अंश सेल्सिअस असावी. उष्णता देणाऱ्या साधनाला तापमान नियंत्रक जोडलेला असणे आवश्यक आहे. नियंत्रकाविना तापणाऱ्या कृत्रिम दगडांमुळे पोट भाजते आणि भाजलेल्या जागी राहिलेल्या व्रणावर पुढे कायम कात अडकते.

आहाराचाही यात मोठा वाटा आहे. रातकिडे व अळ्या हे या पालीचे मुख्य अन्न. हे कीटक उपाशी असतील तर त्यांच्यापासून मिळणारे पोषणही तुटपुंजे असते. म्हणून ते देण्यापूर्वी किमान एक दिवस त्यांना गाजर व पालेभाज्या खाऊ घालाव्यात. कॅल्शियम व जीवनसत्त्वांची भुकटी वैद्यकीय सल्ल्यानुसार वापरावी. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी डोळ्यांचे व त्वचेचे विकार होतात. परंतु त्याचा अतिरेकही त्वचेला तितकाच घातक असल्याने अंदाजाने मात्रा वाढवणे धोक्याचे ठरते.

पेटीत अंग घासण्यासाठी काहीच नसणे हेही एक साधे कारण असते. ओठांजवळची कात सैल करण्यासाठी सरडा आपले नाक खरबरीत पृष्ठभागावर घासतो. एखादा ओबडधोबड दगड किंवा झाडाच्या सालीचा तुकडा ही गरज भागवतो. फक्त त्याला धारदार कडा नसाव्यात आणि तो घसरून प्राण्यावर पडणार नाही याची खात्री करावी.

ओलसर आसरा : सर्वांत परिणामकारक उपाय

अडकलेल्या कातीवरील सर्वांत उपयुक्त उपाय अत्यंत अल्प खर्चाचा आहे. प्राण्याला आत वळता येईल एवढा अपारदर्शक डबा घ्यावा. त्याच्या एका बाजूला प्रवेशासाठी भोक पाडून त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. आत रोपवाटिकेत मिळणारे मॉस, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कागदी रुमाल ओला करून पिळून ठेवावा. हा डबा पेटीच्या उबदार बाजूला अथवा मध्यभागी ठेवावा, म्हणजे आतील ओलावा उबेमुळे हवेत मिसळतो. डब्यातील आर्द्रता ७० ते ८० टक्के असावी आणि उरलेल्या पेटीत ती ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास राहावी. संपूर्ण पेटी ओली ठेवणे मात्र अयोग्य आहे. त्यामुळे बुरशी वाढते आणि पोटाच्या त्वचेवर फोड येतात. डब्यातील भरण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये इतकेच ओले असावे आणि दर आठवड्याला बदलावे.

कात टाकण्याची वेळ आली की प्राणी स्वतःहून या डब्यात जाऊन बसतो. त्याला उचलून आत ठेवण्याची गरज भासत नाही.

भारतातील पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी पुस्तकांतील सूचना तेथील घरांना व हवामानाला अनुसरून असतात. दिल्ली, जयपूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी होते. खोलीतील वातानुकूलन यंत्र किंवा हिवाळ्यातील हीटर तिला आणखी कोरडे करतात. याउलट मुंबई, कोकण, गोवा आणि कोलकाता येथे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता इतकी असते की ओलसर डब्यात दोन दिवसांत बुरशी दिसू लागते. एकाच देशात हवामानाच्या या दोन टोकांमुळे कोणताही एक ठरावीक नियम उपयोगी पडत नाही. तापमापक व आर्द्रतामापक ही दोन लहान उपकरणे पेटीत ठेवून प्रत्यक्ष आकडे पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

इतर जातींसाठी वेगळे नियम

प्रत्येक सरड्याला हेच उपाय लागू पडत नाहीत. ऑस्ट्रेलियातील 'बिअर्डेड ड्रॅगन' हा दाढीसारख्या काट्यांचा सरडा उथळ कोमट पाण्यात बसणे बहुधा सहज स्वीकारतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना दमट अरण्यातील रहिवासी असल्याने त्याला संपूर्ण पेटीतच भरपूर आर्द्रता लागते. त्याच्या पाठीवरील काट्यांवर आणि लांब शेपटीच्या टोकावर कात अडकण्याचा संभव अधिक असतो. रंग बदलणारे शॅमेलिऑन हाताळणीने फार बिथरतात. त्यांना आंघोळ घालण्याऐवजी पानांवर पाण्याचे सूक्ष्म तुषार मारणे हितावह ठरते. भिंतीवरच्या आपल्या घरपालीला मात्र कोणत्याही मदतीची आवश्यकता नसते. ती आपली कात आपणच उतरवते आणि तिला तसेच राहू द्यावे.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी

बोट सुजलेले, लाल किंवा काळे दिसत असेल, त्वचेतून रक्त वा पू येत असेल अथवा डोळा बंद असेल, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. ओलावा, तापमान व आहार योग्य असूनही सलग दोन वेळा कात अडकली, तर त्यामागे अन्य आजार असू शकतो. त्वचेवरील सूक्ष्म गोचिडांसारखे परजीवी, बुरशीचा किंवा जीवाणूंचा संसर्ग आणि आतड्यांतील परजीवी ही त्याची काही कारणे आहेत. लेपर्ड गेको आपल्या शेपटीत चरबी साठवते. कात अडकण्याबरोबरच ही गुबगुबीत शेपटी बारीक होऊ लागली, तर तो गंभीर आजाराचा इशारा समजावा. सर्वच पशुवैद्यक सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करत नाहीत. म्हणून असा प्राणी घरी आणण्यापूर्वीच आपल्या शहरात या विषयाचा अनुभव असलेला पशुवैद्यक कोण, याची चौकशी करून ठेवणे शहाणपणाचे.

आरोग्य आणि कायदा

सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जीवाणू बाहेर पडू शकतात. सरडा, त्याची कात किंवा पेटी हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. भिजवण्याचा डबा स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये व अन्य कामासाठी वापरू नये. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी अशा प्राण्यांच्या संपर्कात येणे टाळावे.

कायद्याच्या दृष्टीनेही सावधगिरी आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपडीला पहिल्या अनुसूचीत स्थान असून तिला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. रानातून कोणताही सरडा पकडून घरी आणू नये. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या यादीत असलेल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात करण्यात आली. त्यासंबंधीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले. हिरवा इग्वाना या करारातील दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे. पाळणे अशक्य झाले म्हणून विदेशी प्राणी बागेत किंवा जंगलात सोडून देणे हे त्या प्राण्याच्या आणि स्थानिक निसर्गाच्याही हिताचे नाही.

नोंदवहीचा उपयोग

सरडा वेदना आवाजाने व्यक्त करत नाही. त्याचे दुखणे बहुधा उशिरा लक्षात येते. यावर उपाय म्हणून एक साधी वही ठेवावी. कात टाकल्याची तारीख, त्या दिवशीचे तापमान व आर्द्रता, कात कोठे राहिली आणि महिन्यातून एकदा घेतलेले वजन एवढ्या नोंदी त्यात पुरेशा आहेत. तीन-चार वेळच्या नोंदी समोर ठेवल्या की कात प्रत्येक वेळी उन्हाळ्यातच अडकते की नेहमी त्याच एका बोटावर, हे स्पष्ट होते. पहिल्या स्थितीत दोष हवेतील कोरडेपणाचा असतो. दुसऱ्या स्थितीत त्या बोटावर जुनी जखम असण्याची शक्यता असते. पशुवैद्यकाकडे जाताना ही वही सोबत न्यावी. रुग्ण स्वतः काही सांगू शकत नसल्याने निदानासाठी या नोंदींचाच आधार होतो.